पगारेसाहेबांची डिस्क निघत नाही

आमच्या जेल रोडच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे पगारेसाहेब पंखा बंद करण्याआधी त्याच्याखाली कुणी बसलंय का ते बघतात, मग 'बंद करतोय हं' असं मोठ्यानं म्हणतात आणि मगच बटण दाबतात. घरात ते एकटेच असतात.

हे खूळ एसटीतलं. साहेब वाहतूक नियंत्रक होते. येवल्याची गाडी असो की देवळाली कॅम्पची, त्यांनी नोंद केल्याशिवाय ती फलाटावरून हलायची नाही. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलेलं असायचं, प्रवासी खिडक्यांतून ओरडायचे, तरी साहेब मान वर न करता म्हणायचे, "नोंद होऊ द्या." निवृत्त झाले, पगारेबाई गेल्या, पण नोंद काही सुटली नाही. दूधवाला किती वाजता आला आणि किती वाजता गेला, हे दाराजवळच्या वहीत असतं. मीही त्या वहीत आहे, कारण मी एका कॉलेजच्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसतो. एवढ्या अपराधाबद्दल इमारतीतले सगळे बिघाड माझ्या वाट्याला येतात.

गेल्या महिन्यात त्यांचा मुलगा शैलेश बंगळुरूहून आला. दोन वर्षांनी आला, तोही एका दिवसासाठी. साहेबांच्या कॉम्प्युटरला एक एक्स्टर्नल ड्राइव्ह कायम लावलेली असते. वाढदिवस, सहली, बाई होत्या तेव्हाचे सगळे व्हिडिओ तिच्यात. ती घेऊन जायची, तिकडं सगळं इंटरनेटवर चढवायचं, म्हणजे पप्पांना इथं बसून बघता येईल आणि कुणाला सारखं यायला-जायला नको, असं त्याचं म्हणणं. दोन वर्षांतून एकदा येणाऱ्या माणसाला 'सारखं' हा शब्द कसा सुचतो, ते मला त्याला विचारायचं होतं. विचारलं नाही.

नेमकं आदल्या दिवशी कॉम्प्युटरनं स्वतःच्या मनानं अपडेट घेतलं आणि ड्राइव्ह निघेना. इजेक्ट करायला गेलं की पडद्यावर यायचं, ही डिस्क वापरात आहे, थोड्या वेळानं प्रयत्न करा. झालं, साहेबांच्या लेखी गाडी फलाटावर आणि माणसं आत. शैलेश म्हणाला, उपटून घेतो. साहेब आडवे आले. मागं यानंच घाईत पेनड्राइव्ह उपटला होता आणि साखरपुड्याचे फोटो गेले ते गेलेच. साखरपुडाही पुढं टिकला नाही, तो भाग वेगळा. आता ड्राइव्ह निघेपर्यंत शैलेशला थांबणं भाग होतं आणि ती काढायला अर्थातच मी.

पहिल्या दिवशी दोष खरा होता. अपडेटनंतर कॉम्प्युटर ड्राइव्हमधल्या झाडून सगळ्या फायलींची यादी करत बसला होता. मी म्हटलं, कॉम्प्युटरच बंद करा आणि मग काढा. साहेबांनी बंद करायला घेतलं, तर त्यानं विचारलं, एक प्रोग्राम चालू आहे, तरीही बंद करू? साहेबांनी हात मागं घेतला. "'तरीही' म्हणतोय, देवरे. उगाच नाही म्हणणार." शेवटी मी ते यादीचं काम थांबवलं, सकाळपर्यंत निघेल असं सांगून खाली आलो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी अँटीव्हायरस थांबवला. तिसऱ्या दिवशी माझी स्वतःची केबल लावली. ऑफिसातून येऊन चहाचा कप तोंडाला लावावा, तोवर जिन्यातून हाक यायची, "देवरे, अजून वापरात आहे हो." त्या आवाजात काळजी कमी आणि बातमी सांगण्याचा उत्साहच जास्त. माझं डोकं फिरायचं. शैलेशचंही फिरलं होतं. आतल्या खोलीत दार लावून तो दिवसभर लॅपटॉपवर ऑफिस करायचा आणि बाहेर यायचा तो जेवायला, नाहीतर 'काका, झालं का?' विचारायला. साहेब मात्र सकाळी मिसळ आणत होते, दुपारी शेवभाजी करत होते आणि पोराला आग्रह करकरून वाढत होते.

चौथ्या दिवशी शनिवार होता, मला सुट्टी. आज हिचा निकालच लावतो म्हणून बसलो. ड्राइव्ह कुठल्या प्रोग्रामनं धरून ठेवलीय ते एकेक करून तपासलं आणि सापडलं. व्हिडिओची एक खिडकी लहान होऊन तळाशी दडलेली होती. आवाज बंद, चित्र थांबवलेलं, गंगापूर धरणावर पाच वर्षांचा शैलेश कणीस खातोय. मी खिडकी बंद केली, बटण दाबलं आणि पडद्यावर आलं, आता डिस्क सुरक्षितपणे काढता येईल.

शैलेशनं ड्राइव्ह काढून बॅगेत टाकली आणि उभ्या उभ्या फोनवर पुण्याच्या चारच्या गाडीचं तिकीट काढलं. तिथून विमान. तुम्ही नसता तर अजून किती दिवस अडकलो असतो, असं तो मला म्हणाला, आणि मी फुशारलो. आता आठवलं की लाज वाटते.

संध्याकाळी राहिलेली केबल आणायला वर गेलो. साहेब बंद कॉम्प्युटरसमोर बसले होते. तो व्हिडिओ आपोआप कसा उघडा राहिला कळत नाही, असं मी सहज म्हणालो.

"आपोआप नाही," ते म्हणाले. "पहिल्या दिवशीचं तुम्ही मिटवलंत. नंतर रोज सकाळी मीच उघडून ठेवत होतो."

इतकं बघावंसं वाटत होतं तर मोठा करून बघायचा ना, असं काहीतरी बावळट बोललो.

"बघायला नाही हो. तो आत दार लावून ऑफिसचं बोलायचा. सगळं इंग्रजी, मला काही कळायचं नाही. पण इथं बसलं की त्याचा आवाज येतो."

मला भयंकर राग आला. स्वतःचाच, पण निघाला त्यांच्यावर. मला एका शब्दानं सांगितलं असतंत, तर महिनाभर मी ती डिस्क निघू दिली नसती, असं मी जवळजवळ ओरडलोच.

साहेबांनी केबल नीट गुंडाळून माझ्या हातात दिली.

"सांगणार होतो," ते म्हणाले. "पण तुम्ही रोज कामावरून दमून यायचात आणि इतक्या आस्थेनं झटायचात. तुमचं मन मोडवेना."

आस्था कसली. मला फक्त ते झेंगट एकदाचं गळ्यातून काढायचं होतं.