साळवेसाहेबांची शिफारस

आमचे शेजारी साळवेसाहेब नव्या माणसाला नाव-गाव नंतर विचारतात. आधी विचारतात, "राग आला की तुम्ही बोलता की गप्प बसता?" माणूस गोंधळून काहीतरी सांगतो. साहेब डोळे मिटून ऐकतात आणि म्हणतात, "मग तुम्ही थ्रॅश मेटल ऐका. जर्मनीचं. सुरुवातीचे दोनच अल्बम." एवढं सांगून ते दुधाची पिशवी घेऊन घरात जातात. वॉशिंग मशीन दुरुस्त करायला आलेला तो माणूस मग आमच्या दारात येऊन विचारतो, "हे डॉक्टर आहेत का हो?"

डॉक्टर नाहीत. राहुरीकडच्या एका माती परीक्षण प्रयोगशाळेत ते नोकरीला आहेत. नगरहून रोज एसटीनं जाऊन येऊन करतात. शेतकरी पिशवीत माती आणतात, साहेब ती तपासतात आणि कोणत्या पिकाला कोणतं खत किती घालायचं याची शिफारस करतात. सगळी नोकरी त्यात गेल्यामुळे शिफारस केल्याशिवाय त्यांना समोरून कुणाला जाऊ देववत नाही. आणि दुसरा नाद हेवी मेटलचा, म्हणजे त्या कर्कश गिटार-ड्रमच्या विलायती गाण्यांचा, तो कॉलेजपासूनचा. या दोन गोष्टींची त्यांनी सरमिसळ करून टाकली आहे.

कर्जतकडच्या एका शेतकऱ्याची जमीन चोपण, म्हणजे खारवटून चिकट झालेली होती. साहेबांनी त्याला जिप्सम सांगितलं आणि चेहऱ्यावरचा ताण बघून वर डूम मेटल सांगितलं. महिन्याभरानं तो परत आला. "सायेब, जिप्समचा गुण आला. पन तुमचं ते गानं पोरानं गोठ्यात लावलं, तर बैलानं दावंच तोडलं की!"

"पोरानं भलतंच काहीतरी लावलं असणार," साहेब शांतपणे म्हणाले. "डूम संथ असतं. त्यानं बैल रवंथ करतो." हा किस्सा त्यांनी स्वतःच मला सांगितला आणि यात हसण्यासारखं काय आहे, असंही विचारलं.

मेटलच्या पोटप्रकारांबाबत साहेब फार कडक. जातपात मोडली पाहिजे म्हणून जन्मभर जयंतीच्या मंडपात भाषणं करणारा हा माणूस डेथ मेटल आणि ब्लॅक मेटलला एका पंगतीत बसवायला तयार नाही. "दोन्हीकडं ओरडतातच ना?" असं मी एकदा म्हणालो, तर आठवडाभर त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. त्यांच्या मते कोणताही बँड पहिल्या दोन अल्बमपर्यंतच माणसात असतो. तिसऱ्यापासून त्याला बरा स्टुडिओ मिळतो आणि मग तो कामातून जातो. "रेकॉर्डिंग लई स्वच्छ झालं," ही साहेबांच्या तोंडची सगळ्यात जहरी शिवी. अस्वच्छ रेकॉर्डिंग मी त्यांच्या आग्रहाखातर ऐकलं आहे. कुणीतरी गिरणीत दळण टाकून आत भांडत होतं.

माझीही त्यांनी तपासणी केली. मी बँकेत अधिकारी होतो, चार पुस्तकं वाचलेला आहे, भावगीतांचा माझा संग्रह आहे. मला वाटलं, निदान मला काहीतरी भारदस्त सांगतील. साहेबांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "तुम्हाला ग्लॅम मेटल. केस, लिपस्टिक, प्रेमाची गाणी. हलक्या जमिनीला हलकंच पीक द्यावं." मी हसून साजरं केलं, पण जेवण गेलं नाही.

हे सगळं कॉलनीनं सोसलं असतं. पण साहेबांना एक मुलगी, प्रज्ञा. ती नववीत असताना तिची आई गेली, तेव्हापासून बापलेक दोघंच. प्रज्ञा आता एमआयडीसीत केमिस्ट आहे, आणि तिला बघायला येणाऱ्या मुलांचीही साहेब तपासणी करायचे. एकजण म्हणाला, "मी सगळं ऐकतो." साहेबांनी त्याला चहासुद्धा पुरता पिऊ दिला नाही. दुसरा हुशार निघाला. आगाऊ चौकशी करून तो एका बँडचा काळा टी-शर्ट घालूनच आला. साहेबांनी त्या बँडचे तीन अल्बम विचारले. त्याला शर्टाचा भाव तेवढा सांगता आला.

तिसऱ्या वेळी प्रज्ञा आदल्या दिवशी आमच्याकडं आली. "काका, उद्या बाबांना आवरा. अनिकेतशी मी दोन महिने फोनवर बोलतेय. मला हाच मुलगा पाहिजे. बाबांनी त्याला घालवलं तर मी कुणालाच हो म्हणणार नाही." मी म्हणालो, तू निर्धास्त राहा. काय म्हणून म्हणालो, कोण जाणे.

रविवारी सकाळी मंडळी आली. मुलगा, त्याचे आईवडील आणि पटका बांधलेले मामा. जय भीम झाला, पाणी झालं, पोहे आले. मी पावसापाण्याचं, कांद्याच्या भावाचं बोलणं जमेल तेवढं लांबवत होतो. तेवढ्यात मामांनीच घात केला. "पोरगा आमचा निर्व्यसनी हाय बरं का. गानी-बिनी कायबी ऐकत न्हाई."

साहेबांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "काहीच ऐकत नाही?"

अनिकेत सरळ बसला. "प्रज्ञा पाठवते तेवढं ऐकतो. खरं सांगू का, काका? मला त्यातलं काही कळत नाही. निम्मं तर नुसता गोंगाट वाटतो."

स्वयंपाकघरातला कपबशांचा आवाज थांबला.

"मग बंद करत असाल," साहेब म्हणाले.

"नाही. तिनं पाठवलेलं असतं ना. शेवटपर्यंत ऐकतो."

मी मनातल्या मनात दुसरा विषय शोधत होतो. तोच साहेब खुर्ची ओढून त्याच्याजवळ सरकले आणि शेतकऱ्याला खताचं सांगतात तसं हळू, समजावून बोलू लागले. "लक्षात ठेवा. ती चिडली की थ्रॅश लावते. लावू द्या, मधे बोलू नका, आपोआप उतरतं. डेथ लावलं, म्हणजे दुपारी डबा खाल्लेला नाही. आधी खायला द्या. पॉवर मेटल लागलं की ऑफिसात काहीतरी चांगलं झालेलं असतं. तिनं सांगायची वाट बघू नका, तुम्हीच विचारा." ते थांबले. "आणि डूम लावलं तर..."

साहेबांनी स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं.

"हिची आई गेली तेव्हा मला हिच्याशी बोलता येईना. काय बोलणार? हीही बोलायची नाही. मग मी डूम लावायचो आणि आम्ही दोघं बसायचो. फार संथ असतं ते, संपता संपत नाही. पण संपलं की ही उठून कणीक मळायला घ्यायची. तेवढ्यावर ते वर्ष काढलं आम्ही. तर तिनं डूम लावलं की शेजारी जाऊन बसा. काय झालं म्हणून विचारू नका. फक्त संपेपर्यंत उठू नका."

"नाही उठणार," अनिकेत म्हणाला. मग जरा घुटमळून त्यानं विचारलं, "आणि काका, तुम्ही लावलं तर?"

"मी?"

"प्रज्ञा तिकडं आल्यावर. तुम्ही लावलं तर शेजारी कोण बसणार?"

साहेबांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. "मी नाही लावणार," ते म्हणाले. "एकट्यानं ऐकायचं नसतं हो ते."

दारात प्रज्ञा चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं तो तिथंच जमिनीवर ठेवला आणि पाहुण्यांसमोर, कसलाही विचार न करता, बापाच्या खुर्चीपाशी येऊन बसली.

मामांनी पटका सावरत सगळ्यांच्या तोंडाकडं पाहिलं. "म्हंजी... पसंती समजायची न्हवं?"

साहेबांनी होकारार्थी मान हलवली. पोह्यांची बशी त्यांनी पुन्हा उचलली.