एक तरी अळी

सेंद्रियचं प्रमाणपत्र देणाऱ्या तपासनीस बाई दहाला येणार होत्या, आणि साडेनऊला कोबीच्या वाफ्यापाशी गेलेल्या आप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. कोबी लखलखत होता. पानाला भोक नाही, औषधाला एक अळी नाही.

"काय केलंस हे?"

"आवरलं," बायको म्हणाली. "परकं माणूस येणार, बरं दिसतं का? काल दिवसभर अळ्या वेचल्या, भोकाची पानं काढली. शेजारच्या कोंबड्यांची चंगळ झाली. कौतुक करायचं सोडून डोळे काय वटारताय?"

आप्पांनी कपाळावर हात मारला. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर तीन वर्षं त्यांनी या अर्ध्या एकरात नुसतं शेणखत आणि घाम ओतला होता. भाजीवाला म्हणे, "कागद दाखवा, मगच सेंद्रिय म्हणून विकतो." तोवर त्यांचा भोकाभोकांचा कोबी किडका म्हणून बाजूला टाकला जाई. आणि आज कागद दारात येतोय, तर कोबी नटून बसलेला!

बाईंनी एक गड्डा उलटसुलट करून पाहिला.

"काय फवारता?"

"रासायनिक काही नाही!"

"मग अळ्या कुठे गेल्या?"

"कोंबड्यांच्या पोटात!"

"हे मला सगळेच सांगतात हो. एक तरी अळी दाखवा."

ज्या अळ्यांना तीन वर्षं उठता-बसता शिव्या घातल्या, त्यांच्यासाठी आप्पा गुडघ्यांवर रांगू लागले. कोबीत घुसले, वांग्यात घुसले, भोपळ्याच्या वेलाखाली आडवे झाले.

"तिथे नका शोधू," बायको अभिमानाने म्हणाली, "तिथलं मी सकाळीच केलंय."

तेवढ्यात बाईंना खोपटात बिनलेबलाची बाटली सापडली. बूच काढताच त्या दोन पावलं मागे सरकल्या. "आणि हे काय?"

"लसूण-मिरचीचा अर्क! एका बादलीला चमचाभर!"

"लेबल नाही. कशावरून मानू?"

आता मात्र आप्पांचं डोकं फिरलं. प्रामाणिक माणसाने आणखी काय करायचं? "यावरून!" म्हणत त्यांनी बाटली तोंडाला लावली.

पुढे आप्पांना बोलता येईना. डोळे पांढरे झाले, घशातून इंजिनासारखा आवाज निघू लागला. "विष!" म्हणून बाई किंचाळल्या आणि त्यांनीच स्वतःच्या गाडीत घालून आप्पांना कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं; बायको बाटली घेऊन बरोबर आली.

डॉक्टरांनी बाटली हुंगली, आप्पांची जीभ पाहिली. "लसूण आहे. मिरची जरा जास्त झालीय. ताक प्या." मग छाती तपासायला त्यांनी सदऱ्याची बटणं सोडली, आणि गंजिफ्रॉकवरून एक गुबगुबीत हिरवी अळी सावकाश वर येऊ लागली.

"अळी!" बसलेल्या घशातून आप्पा ओरडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते सगळं मिरचीचं नव्हतं. "बाई, बघा! जिवंत आहे!"

बाई चष्मा सावरत वाकल्या. त्याच क्षणी बायकोने चपळाईने अळी झटकली आणि चपलेखाली चिरडली.

"शी! बाहेर निघताना अंग तरी झटकायचं," ती म्हणाली.

बाईंनी फरशीवरचा हिरवा डाग निरखून पाहिला आणि मुकाट्याने कागदावर सही केली.

प्रमाणपत्र हातात आलं. पण आप्पा घरी पोचेपर्यंत बायकोशी एक शब्द बोलले नाहीत. संतापाने म्हणा, लसणाने म्हणा, पण मुख्यतः ती अळी गेल्याचं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं.