कोंबडीचा घास

हिवाळा माणसाला भूक लावतो आणि कोंबडीला विचारात पाडतो. विचारात पडलेली कोंबडी अंडी देत नाही. मग अशा कोंबडीबद्दल माणूस विचार करू लागतो. चितेगावात हे काम आप्पासाहेब बघतात. कंपनीतून निवृत्त झाल्यापासून त्यांना विचाराला वेळच वेळ आहे.

तुळशीचं लग्न लागताच त्यांनी परसातल्या सात कोंबड्यांना तोंडी नोटीस बजावली (प्रत माहितीस्तव : पत्नी सरूबाई).

"संक्रांतीपस्तोर अंडं नाय दिसलं, तर दुसऱ्या दिशी करीला रस्सा!"

सरूबाईंनी या कोंबड्या पिलापासून वाढवलेल्या. त्यातली भांबळी तर त्यांच्या मांडीवर झोपायची. दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. हिरवं मिळालं की कोंबडी थंडीतही अंडी देते, असं त्यांनी ऐकलं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी परसात तीन वाफे केले : मेथी, पालक आणि लसूणघास (आमच्याकडे नुसतं घास म्हणतात). शहागंजच्या बाजारातून जाळी आणून वर टाकली. कोवळं खुडलं जाऊ नये म्हणून चराईची वेळही ठरवून दिली : सकाळी साडेआठ ते नऊ, रविवार धरून.

डिसेंबरात वाफे हिरवेगार झाले आणि शहरातून पुतणी मोनाली आली. बघताच तिनं विचारलं, "काकू, यावर फवारणी किती करता?"

"फवारा कशाला मारू गं? कोंबड्यांसाठी हाय. मरतील की!"

माणसांच्या भाजीबद्दल एवढी खात्रीशीर हमी आजवर कोणी दिलेली नाही. मोनाली दोन जुड्या घेऊन गेली. पुढच्या रविवारी चार गाड्या आल्या, त्याच्या पुढच्या रविवारी अकरा. त्या दिवसाची अधिकृत आकडेवारी अशी : पाहुणे एकतीस, पिशव्या सेहेचाळीस, कोंबड्या सात, शिल्लक पानं शून्य. घासाचा रस काढून पिण्याचीही टूम निघाली. तोंडचा घास काढून घेणे, याचा वाक्यात उपयोग आपण शाळेत करायचो. इथं तो मिक्सरमध्ये झाला.

पाहुणे निर्दयी नव्हते. कोंबड्या उपाशी राहू नयेत म्हणून ते येताना बाजारातली मेथी आणू लागले. भांबळीनं ती आधी एका डोळ्यानं पाहिली, मग दुसऱ्या डोळ्यानं पाहिली, चोच मातीत पुसली आणि निघून गेली. मागोमाग बाकीच्या सहा जणीही गेल्या.

"उपाशी हायत, तरी तोंड लावंनात," सरूबाई रडू लागल्या. "आता गेल्या माझ्या करीला!"

मग मोनालीच्या नवऱ्यानं, सुयशनं, बाजारातून स्वतःच्या घरासाठी घेतलेली भाजी पिशवीतून काढून हळूच भांबळीपुढं ठेवली. बाकीच्यांनीही पिशव्या उघडल्या.

अशा रीतीनं तपासणी सुरू झाली. नियम सोपे आहेत. तीन चोची मारल्या तर उत्तीर्ण, एक मारून मान झटकली तर फेरतपासणी (हुज्जत घालू नये). उत्तीर्ण जुडीतली मूठभर पानं तपासनिसांना मिळतात.

संक्रांत आली. अंडं आलं नाही. करीच्या सकाळी आप्पासाहेब सुरी घेऊन परसात गेले, तर दारात पिशव्या घेऊन वीस माणसं रांगेत उभी.

"साहेब," पहिल्यानं अदबीनं विचारलं, "भांबळी मॅडम आज रजेवर हायत का?"

आप्पासाहेबांनी सुरी पाठीमागं लपवली. "नाय नाय. येतीलच आता. बसा की!"

त्या दिवशी घरात वांग्याचं भरीत झालं. वाफेही पुन्हा फुटले आणि आठवड्याभरात भांबळीनं अंडं दिलं. सरूबाईंनी ते रांगेतल्या प्रत्येकाला दाखवलं. मलाही दाखवलं. मला मनापासून आनंद झाला.

नापास जुड्या फेकत नाहीत. अन्न वाया घालवणं आपल्यात बसत नाही. लोक त्यांच्यावर पाणी शिंपडतात आणि जिथून घेतल्या तिथंच परत करून येतात.

काल संध्याकाळी तुम्ही घेतलेली जुडी त्यातलीच होती, असं माझं म्हणणं नाही. भांबळीनं तिला एकेका डोळ्यानं पाहून सोडलं. तुम्ही दोन्ही डोळ्यांनी नीट पाहून घेतलीत आणि वर कोथिंबिरीच्या चार काड्याही मागितल्यात.