सळईची संगीन

"लालासाहेब, ही नळी उद्या आरशासारखी न्हाई केली, तर हंबीरराव नाव लावणार न्हाई."

सासुरवाडीच्या सोप्यात बसून हंबीररावांनी हे सांगितलं, तेव्हा मेव्हण्याची जुनी शिकारी रायफल त्यांच्या मांडीवर आडवी होती. एकाहत्तरची लढाई करून ते पेन्शनीत आले होते, त्यामुळं वडूजकडच्या या गावात दाजींच्या शब्दाला वजन होतं. नळी मात्र आतून गंजून म्हशीच्या जिभेसारखी खरखरीत झाली होती. भुईमूग काढणीला आलेला, रानडुकरं वाफे उकरत होती, आणि मागच्या खेपेला लालासाहेबांनी डुकरावर झाडलेली गोळी शेजाऱ्याच्या पाण्याच्या पिंपात शिरली होती.

दुसऱ्या दिवशी लालासाहेब बाजाराला गेले आणि दाजींनी काम काढलं. फौजेत दोरीला चिंधी बांधून नळीतून ओढतात. पण एवढ्या गंजापुढं चिंधी काय करणार, म्हणून त्यांनी गोणपाटाचा जाडजूड बोळा बांधला, रॉकेलात बुडवला, वर विटेची भुकटी चोळली आणि दोरी ओढली. बोळा निम्म्यात जाऊन बसला. पाय लावून ओढली, तर दोरी तुटली आणि दाजी शेणाच्या पाटीत बसले. मग बारीक सळईला आकडा करून ती नळीच्या तोंडातून आत घातली. आकडा बोळ्यात रुतला. आता बोळाही येईना आणि सळईही सुटेना.

त्यांची बायको साळूबाई म्हणाली, दादाला सरळ सांगून टाका. तेवढ्यात दादा दारात हजर. नळीतून वीतभर बाहेर आलेली सळई पाहून त्यांचे डोळे चमकले.

"दाजी, संगीन बसवली व्हय?"

खरं सांगायला दाजींनी तोंड उघडलं होतं. पण मेव्हण्याचा चेहरा असा काही फुलला होता, की तोंडातून नुसतं "व्हय" निघालं.

बघता बघता निम्मं गाव सोप्यात आलं. म्हाताऱ्या गुंडातात्यांनी विचारलं, एवढी बारीक संगीन कशी? ही डुकरांसाठी खास असते, असं दाजींनी सांगितलं. शेजारच्या राहीबाईनं येऊन सळईला हळदीकुंकू वाहिलं. साळूबाई चुलीपुढं पदर तोंडाला लावून बसली होती.

दिवस मावळायला शिवारातून आरोळी आली, डुकरं आली म्हणून. लालासाहेबांनी रायफल उचलली, गोळी भरली आणि ते पळाले. बोळा बसलेल्या नळीतून बार काढला, तर नळी फुटून मेव्हण्याचं तोंड जाग्यावर राहणार नव्हतं. धोतराचा सोगा हातात धरून दाजी धावले. लालासाहेब बांधावर नेम धरून उभे होते. दाजींनी त्यांना मागून कवळा घातला आणि दोघं पाण्याच्या पाटात पडले.

"झाडू नगंस, लाला. ती संगीन न्हाई. माजी सळई अडाकलीय."

डुकरं हा प्रकार बघून पळाली. मग पाटात बसल्या बसल्याच लालासाहेब हसायला लागले, ते घरी येईपर्यंत हसत होते.

सकाळी आधी गोळी काढली, नळीत मागून कडकडीत पाणी ओतलं, रायफल घोंगड्यात गुंडाळून लिंबाला बांधली, सळईला कासरा लावला आणि सगळी भावकी ओढायला लागली. सळई आली, बोळा आला, त्याच्यामागं सासऱ्यांच्या काळापासूनचा गंज आला आणि ओढणारे एकमेकांच्या अंगावर पडले. लालासाहेबांनी नळीला डोळा लावला. आरपार लख्ख उजेड होता. त्यांनी दाजींना मिठीच मारली.

रायफल उन्हात वाळली, तेलपाणी झालं. मग बांधावर दोन मडकी मांडली. पहिल्या बाराचा मान दाजींचा. त्यांनी श्वास धरून चाप ओढला आणि उजवीकडचं मडकं ठिकऱ्या होऊन उडालं. गावानं टोप्या उडवल्या. गुंडातात्या म्हणाले, फौजी माणसाचं काम असं असतं.

दाजींनी मिशीवरून हात फिरवला. नेम डावीकडच्या मडक्यावर धरला होता. पण खरं बोलायचं काम कालच एकदा उरकलं होतं.