दोन ग्लासांतला फरक

आमच्या समोरचे दळवीकाका बेल तीनदा वाजवतात. पहिल्या बेलला दार उघडलं तरी माझ्या तोंडासमोर उरलेल्या दोन वाजवतातच. विचारलं तर म्हणतात, "एक रीडिंग म्हणजे अफवा."

अख्खी हयात औषधांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत गेली, आता निवृत्त होऊन पूनम सागर सोसायटीत आमच्या डोक्यावर मिरे वाटतायत. भाजीवाल्याकडून अर्धा किलो तोंडली तीनदा तोलून घेतात, दर वेळी पारडं रिकामं करून. "अंकल, तब तक सूख जाएगी," म्हणतो तो बिचारा. वेळ विचारली तर "सव्वापाच, दोन मिनिटं इकडेतिकडे." मी विचारणंच सोडलंय.

सोसायटीच्या टाकीचं पाणी त्यांनीच तपासलं. एका बाटलीचा आकडा बाकीच्यांपेक्षा भलताच वर आला. सेक्रेटरी म्हणाले, तेवढा सोडा आणि सरासरी काढा. काका हटून बसले. आकडा आवडला नाही म्हणून खोडायचा नसतो, तो तसा का आला ते आधी शोधायचं. ती बाटली आपण ब्लीचिंग पावडर लागलेल्या हातांनी धुतली होती, हे वॉचमनने कबूल केलं तेव्हा कुठे काकांनी आकडा खोडला. तोवर मीटिंगमधले सगळे जेवायचे खोळंबले होते.

काकू गेल्यापासून मात्र त्यांच्या घरी जायचं मी टाळते. जेवणाच्या टेबलावर पाण्याचे दोन ग्लास असतात. एक काकूंच्या खुर्चीपुढे, दुसरा पलीकडे, जिथे कधीच कोणी बसत नाही. काकांनी ते संध्याकाळी सारखंच वजन करून भरायचे, खिडक्या-पंखे बंद ठेवायचे आणि सकाळी पुन्हा तोलायचे.

गेल्या रविवारी सकाळी त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, माणसाला हवं तेच दिसतं, म्हणून वजन तू वाच. ग्लास ओट्यावर आणून ठेवलेले. कोणता कुठला, ते सांगितलं नाही. मी दोन्ही तीन-तीनदा तोलले. थोडं पाणी दोन्हींतलं उडालं होतं, पण एकात चांगलं घोटभर कमी. एवढी चूक तराजू करत नाही, हे त्यांच्या संगतीने आता मलाही कळतं.

काकांनी तो ग्लास उचलून तळाची खूण पाहिली. "ग्लास बदलले, तराजू बदलला," ते हळूच म्हणाले. "तरी तिच्यापुढचंच कमी होतं."

टेबलाकडे बघायला नको होतं, तरी बघितलं. काकूंची खुर्ची जराशी मागे सरकलेली होती.

काकूंच्या किडन्या गेल्या होत्या. दिवसाचं पाणी डॉक्टरांनी बांधून दिलेलं, ते काका मापाने द्यायचे, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

"शेवटच्या संध्याकाळी तिने घोटभर जास्त मागितलं," काका म्हणाले. "मी तिला माप दाखवलं गं."

फार वाईट वाटलं, आणि भीतीही वाटली. मी चाचरत विचारलं की काका, झोपेत तुम्हीच उठून पीत नसाल ना? आज निजताना तुमच्या खोलीला मी बाहेरून कडी घालू का?

काकांनी ग्लास ओट्यावर परत ठेवला.

"तेवढं एकच कारण राहिलंय, माहितीये मला," ते म्हणाले. "ते मी नाही तपासणार."

मग त्यांनी ग्लास विसळला, न मोजता काठोकाठ भरला आणि काकूंच्या खुर्चीपुढे नेऊन ठेवला.