नमुन्याची उशी

उशी कशी भरावी, हे कुणीही मला येऊन विचारावं. आमच्या एका खोलीतच आमचा कारखाना आहे. बायको खोळी शिवते, मी कापूस भरतो. दुपारी खिडकीतून ऊन आलं, की त्यात कापसाचे तंतू तरंगत राहतात आणि मला आमचं दुमजली दुकान स्पष्ट दिसू लागतं.

"खाली उतरा आता," त्या दिवशी बायको म्हणाली. "लॉजवाले शेठ आले."

शेठनी पन्नास उश्या घेतल्या, तर तिची चार घरची धुणीभांडी सुटणार होती. तिच्या हातांच्या भेगा बघून माझा जीव तुटायचा. म्हणून नमुना म्हणून मी माझी उशी पुढे केली. तिने ती पायाने मागे सारली आणि स्वतः भरलेली ठेवली.

"नुसतं डोकं टेका, शेठ," मी म्हणालो.

शेठनी टेकलं, "वा" म्हणाले आणि घोरू लागले.

आता झोपलेल्या माणसाला पसंती विचारायची कशी? मशीन चालवावं तर आवाज होणार. आम्ही त्यांच्या उठण्याची वाट बघत बसलो. ऊन जमिनीवरून हळूहळू भिंतीवर चढलं. कापूस उडत होता, शेठ झोपेत हसत होते. बघता बघता माझीही मान लवली आणि दुकानाला तिसरा मजला चढला.

जाग आली ती हंबरड्याने. मालकांना शोधत आलेला लॉजचा मॅनेजर दारात छाती बडवत होता. घोरणं केव्हाच थांबलेलं, शेठ निश्चल आडवे, आणि उडता कापूस नेमका त्यांच्या दोन्ही नाकपुड्यांवर बसलेला! क्षणात गल्ली गोळा झाली.

"काय दिलंत हो त्यांना?" शेजारीण म्हणाली.

"उशी," मी म्हणालो. त्याने संशय वाढलाच.

तेवढ्यात शेठ सणसणीत शिंकले आणि उठून बसले.

"कित्येक वर्षांनी असा झोपलो," ते म्हणाले. बायकोचा चेहरा उजळला. "पण ही उशी नको. हिच्यावर गिऱ्हाईक दुपारपर्यंत उठायचं नाही. माझ्या खोल्या रिकाम्या कधी व्हायच्या?"

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मग काय मनात आलं कोण जाणे, तिने माझी उशी ओढून शेठपुढे टाकली.

शेठ आडवे झाले. या कुशीवर वळले, त्या कुशीवर वळले आणि मान चोळत उठले.

"ही कुणी भरली?"

मी भीत भीत हात वर केला.

"अशाच पन्नास द्या."

दुसऱ्या दिवशी बायकोने चारी घरची कामं सोडली. मला मात्र तिची सक्त ताकीद आहे: हात सुधारायचा नाही.