उतरंडीवरून पडलेला ड्रायव्हर

सोमवारी सकाळी दवाखान्यातल्या काचपेटीचा ड्रायव्हर कम्प्युटरमधून खाली पडला आणि उठून माझ्याशेजारी बाकावर बसला. ड्रायव्हर म्हणजे गाडीवरचा नव्हे. पेटीचे निरोप कम्प्युटरच्या गाभ्यात पोचवणारा. वीतभर उंच, गुडघे खरचटलेले.

तो पडला की गाभा बंद, गाभा बंद की पेटी गार. पेटीत माझी पणती होती, सातव्या महिन्यात जन्मलेली. माझ्या नातीनं, मालतीनं, लेकीला छातीशी धरलं. पण तिच्याच अंगात ताप, तिला फार वेळ धरवणार नव्हतं.

कम्प्युटर दुरुस्त करणारा फरीद वही घेऊन आला.

"आज कितव्यांदा?"

"चौथ्यांदा," ड्रायव्हर म्हणाला.

"पडण्याआधी काय करत होतास?"

"काम."

"सगळे हेच सांगतात." फरीदनं तेही लिहून घेतलं.

मी म्हटलं, "अरे, पंचनामा कसला करतोस? त्याला काम करून दाखवू दे की!"

ड्रायव्हरनं दाखवलं. एक काम अर्धं टाकून दुसरं धरताना पहिल्याची आठवण मडक्यात घालायची, मडकं उतरंडीवर चढवायचं. दुसरं आटोपलं की ते उतरवून मागचं पुरं करायचं. गाभ्यातली खोली ठेंगणी. आणि हा मडकं सोडून दर खेपेला घंगाळ चढवत होता.

"घंगाळ कशाला रे बाबा?"

"पेटीचा दिवसभराचा हिशोब मावावा म्हणून."

"तो कोठीत ठेव. कुठल्या कोपऱ्यात ठेवलास त्याची गाठ मारलेली सुतळी तेवढी मडक्यात टाक." मला अक्षर येत नाही; घरचं बियाणं मी तीस वर्षं गाठींवरच सांभाळलं.

"आजी, बरोबर आहे," फरीद म्हणाला, "पण तेवढ्यानं कुणी चारदा पडत नाही."

"मग पुढचं बघू."

पुढचं असं होतं. पेटीनं उत्तर दिलं नाही की हा तक्रार करी. तक्रार लिहून घेणाराही हाच. लिहिण्याआधी पेटीला विचारी. पेटी गप्प, म्हणून त्याची पुन्हा तक्रार. दर तक्रारीला एक घंगाळ. नवव्याला छत लागलं आणि उतरंडीसकट हा खाली.

"एकच रडगाणं किती वेळा रे?"

"उत्तर येईपर्यंत. नियम आहे."

"कुणाचा?"

फरीदनं वहीची मागची पानं चाळली. "माझा."

"मग खोड."

त्यानं खोडला. नवा लिहिला: तक्रार एकदाच, मग ऊब आहे तशी राखून थांबायचं.

"आणि परत पडलो तर?" ड्रायव्हरनं विचारलं.

"तर मी आहे इथं. जा," फरीद म्हणाला.

"लवकर जा रे दादा," मालती म्हणाली, "माझे हात सुटायला लागलेत."

वायर जाते त्या भोकातून तो आत शिरला. पेटी तापली. पणतीला आत निजवलं.

दुपारी पेटी गप्प झाली. आतून मडकं चढवल्याचा आवाज आला. एकच. बऱ्याच वेळानं पेटीचं उत्तर आलं, ते मडकं सावकाश खाली उतरलं, आणि पडद्यावर आकड्यांखाली ड्रायव्हरची एक ओळ उमटली. फरीदनं वाचून दाखवली:

"पोरीनं दुपटं लाथाडलं आहे. कुणीतरी नीट करा."

मालती उठली आणि पेटीच्या झडपेतून हात आत घातला.